नेट घरात आहे की खिशात?

पत्राचा सारांश (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत):

यावल तालुक्यातल्या एका गावाहून शेतकरी भावाचं पत्र आलं आहे. वय पंचेचाळीसच्या आसपास, केळी आणि कापूस मिळून सहा एकर वावर. घरात आई, बायको, बारावी सायन्सला असलेली मुलगी आणि आठवीतला मुलगा. घर जुनं धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छपराचं, पुढे स्लॅबच्या दोन नव्या खोल्या. ते लिहितात: ‘‘माझ्या फोनमध्ये ३४९ चा रिचार्ज असतो, रोज २ जीबी आणि फाइव्ह-जी अनलिमिटेड. मंडळींच्या फोनमध्ये २९९ चा. माझ्या हॉटस्पॉटवर सगळं घर चालतं. आता गावात फायबरची वायर आली आहे. एक पोऱ्या दारोदार फिरतो, सहा महिन्यांचे पैसे एकदम भरा, राउटर फुकट म्हणतो. पुण्यातला शालक म्हणतो घेऊनच टाका. मोठे भाऊ म्हणतात, वायफाय आलं की पोरं वाया जातात, हॉटस्पॉट कसा आपल्या हातात राहतो. पंपाची लाइट कधी दिवसाची, कधी रात्रीची, त्यामुळे माझं घरी थांबणं कमीच. मुलीची काही तक्रार नाही, ती कधी काही मागत नाही. उगाच खर्च नको वाटतो. रिचार्ज २२ तारखेला संपतो. त्याआधी सांगितलंत तर बरं होईल.’’

भाऊ,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात साधा पैशांचा हिशेब वाटला आणि मी पाकिटाच्या मागे आकडेमोडही सुरू केली. दुसऱ्या वेळी दोन वाक्यांपाशी अडखळले. एक, ‘माझ्या हॉटस्पॉटवर सगळं घर चालतं.’ आणि दुसरं, ‘मुलीची काही तक्रार नाही.’ पैशांचं पुढे सांगतेच, पण आधी या दोन वाक्यांचं बघू.

तुमच्या फोनचा एक दिवस डोळ्यांसमोर आणा. सकाळी सहाला तुम्ही वावरात, फोन खिशात. दुपारी जेवायला येता, घटकाभर आडवे होता, तेव्हा तो उशाशी. परत वावर, मग केळीच्या गाडीचं वजन, मग पारावर नाहीतर चहाच्या टपरीवर. लाइट रात्रीची असली की दहा-अकराला पुन्हा गाडीला किक. फोन बरोबर असतोच, आणि असायलाच हवा, अंधारात एकटा माणूस मोटर चालू करायला जातो तर. आता मोजा. मुलगी घरी आहे आणि तुमचा फोनही घरी आहे, असे तास दिवसाला किती निघतात? दोन? अडीच? तुमचं घर हॉटस्पॉटवर चालतं म्हणजे तुमच्या येण्याजाण्यावर चालतं.

माझी बहीण चोपडा तालुक्यात असते. मागच्या वर्षी आठ दिवस तिच्याकडे राहिले होते. भाची संध्याकाळी टॅब मांडीवर घेऊन ओट्याच्या पायरीवर बसायची, टॅबची काच काळी. मला वाटलं, हवा खात बसते. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, की गल्लीच्या तोंडाशी बापाच्या गाडीचा आवाज आला की ती उठते. बाप हातपाय धुणार, तांब्याभर पाणी पिणार, तोवर ही दाराच्या चौकटीला टेकून उभी. मग हळूच, ‘‘पप्पा, हॉटस्पॉट.’’ ते लगेच चालू करून द्यायचे, कटकट नाही, चिडणं नाही, माणूस सोन्यासारखा. लेक्चर सुरू होतं न होतं तोच व्यापाऱ्याचा फोन यायचा. बोलत बोलत ते अंगणात, अंगणातून गल्लीत. इकडे फळ्यावरच्या सरांचा खडू धरलेला हात तसाच हवेत, आणि त्यावर ते पांढरं गोल फिरतंय. भाची काही बोलली नाही. पुन्हा पायरीवर जाऊन बसली. नंतर कळलं की ती पहाटे साडेचारला उठून, बाप निघायच्या आत, दिवसभराचे व्हिडिओ उतरवून ठेवते. तिचीही काही तक्रार नव्हती.

तेव्हा पहिलं काम बिनपैशाचं. आज जेवताना मुलीला विचारा. पण ‘वायफाय पाहिजे का?’ असं विचारू नका. त्याला ती ‘नको, चालतं’ म्हणेल, कारण केळीला भाव काय मिळाला ते तिलाही ठाऊक आहे. ‘मी रात्री मोटरवर जातो तेव्हा तू अभ्यासाचं काय करतेस?’ असं विचारा, आणि उत्तर येईपर्यंत भाकरी चावत राहा.

आता मोठ्या भावांचं म्हणणं. पोरं वाया जातील ही भीती खोटी नाही, ती मी हसण्यावारी नेणार नाही. फक्त हॉटस्पॉटने ती भीती आटोक्यात राहते का, हे तपासू. तुमचा मुलगा आठवीत आहे, म्हणजे गेम खेळतच असेल. ऑनलाइन गेमला डेटा फारसा लागत नाही. तासभर खेळला तरी साधारण १०० एमबीच्या आत काम होतं. नवीन गेम उतरवून घेताना लागतो तेवढाच मोठा डेटा. उलट फिजिक्सचं तासाभराचं लेक्चर मध्यम दर्जाच्या चित्रात पाहिलं तरी चारपाचशे एमबी जातो, फळ्यावरची बारीक अक्षरं दिसावीत म्हणून चित्र स्वच्छ केलं तर एक जीबीच्या वर. म्हणजे रोजच्या २ जीबीच्या मापाने काय होतं? गेम निवांत चालू राहतो आणि लेक्चर अडतं. बांध घातला मुलासाठी आणि पाणी तुटलं मुलीचं. तुमच्या मोठ्या भावांना हे असंच सांगा, त्यांना पाण्याची भाषा लगेच कळेल.

शिवाय हॉटस्पॉटमध्ये ‘आपल्या हातात’ असतं तरी काय? चालू किंवा बंद, एवढंच. चालू केला की सगळ्यांना, बंद केला की सगळ्यांनाच. राउटरमध्ये मात्र कोणत्या फोनला किती वाजेपर्यंत नेट द्यायचं हे वेगवेगळं ठरवता येतं. बहुतेक राउटरला ही सोय असते, कंपनीच्या अ‍ॅपमधून नाहीतर राउटरच्या सेटिंगमधून. मुलाचा फोन रात्री साडेनऊला बंद, मुलीचा टॅब साडेअकरापर्यंत चालू. जोडायला येणाऱ्या पोऱ्याकडून हे तिथल्या तिथे करून घ्या, नंतर कोणी करत नाही. आणि हे सगळं जमलं नाही तर राउटरचं बटण आहेच की भिंतीवर, आजीच्या खाटेशेजारी. आजीला नेमा पहारेकरी. कीर्तन संपलं की बटण बंद.

(वाया जाण्याबद्दल आणखी एक. पोरं रात्री अंथरुणात फोन घेऊन पडतात तेव्हा नेट वायफायचं आहे की बापाच्या खिशातलं, याने काही फरक पडत नाही. फोन रात्री कुठे झोपतो याने पडतो. तो ओसरीतल्या फळीवर झोपला पाहिजे, तुमचासुद्धा.)

आता ‘अनलिमिटेड’ या शब्दाची जरा चिरफाड. देशात फाइव्ह-जी सुरू झालं १ ऑक्टोबर २०२२ ला. जुलै २०२४ मध्ये खासगी कंपन्यांनी दर वाढवले, आणि आता अमर्याद फाइव्ह-जी सहसा रोज २ जीबी किंवा त्याहून मोठ्या पॅकवरच मिळतं. तुमचा पॅक त्यात बसतो, बरोबर. पण अमर्याद फक्त फाइव्ह-जीवर आहे. फोनच्या वरच्या कोपऱ्यात ५जीच्या जागी ४जी दिसायला लागलं की तुमचे ते रोजचे २ जीबी खर्च व्हायला लागतात, आणि फोन काही ओरडून सांगत नाही. फाइव्ह-जीचा मुख्य पट्टा ३.५ गिगाहर्ट्झच्या आसपासचा. एवढ्या वरच्या लहरी जाड भिंतीपुढे दमतात. तुमच्या धाब्याच्या घराची भिंत दीड-दोन फूट मातीची. उन्हाळ्यात तिचे उपकार मानतो आपण, पण रेंजला ती आडवी येते. ओट्यावर ५जी, मधल्या खोलीत ४जी, आणि चुलीपाशी दोन काड्या, असा प्रकार तुमच्याकडेही असणार. २ जीबी संपले की वेग ६४ केबीपीएसवर येतो. त्यात व्हॉट्सअ‍ॅपचा नुसता मजकूर कसाबसा जातो, व्हिडिओ विसराच.

हे खरं की खोटं, तुमचं तुम्हीच पाहा. फोन मुलीच्या अभ्यासाच्या जागी ठेवा. सकाळी सात, दुपारी तीन आणि रात्री नऊ, तीन वेळा कोपऱ्यातला आकडा बघा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकोनात लिहा. सोबतच एक रेघ मारा, घरातल्या कोणी ‘हॉटस्पॉट द्या’ म्हटलं की प्रत्येक वेळी एक. आठ दिवसांत कॅलेंडरच सांगेल. पुण्याच्या शालकाला विचारायची गरज नाही.

लॅपटॉप घरात असेल तर त्यासाठी एक टीप. लॅपटॉपला तुमचा हॉटस्पॉट आणि खरं वायफाय यातला फरक बहुतेक वेळा कळत नाही. त्याला वाटतं, मिळालं फुकटचं, आणि तो मागच्या मागे अपडेट उतरवायला लागतो. दोन जीबी अर्ध्या तासात कुठे गेले म्हणून मग पोरांवर संशय. विंडोजमध्ये त्या कनेक्शनवर जाऊन ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू केलं की ही गळती बरीच थांबते. आणि एका फोनमध्ये दोन सिम असतील, तर नेट एका सिमवर आणि कॉल दुसऱ्यावर आला की बहुतेक फोनमध्ये बोलणं होईपर्यंत नेट थांबतं. व्यापाऱ्याचा नंबर कोणत्या सिमवर आहे ते बघून घ्या. सीईटी संगणकावर होते, मुलं तीन-तीन तासांच्या सराव परीक्षा घरूनच देतात. त्यात मध्येच दहा मिनिटं नेट गेलं की वेळ तर जातोच, मनही उडतं.

उन्हाचं तर तुम्हाला सांगायला नको. फोन बनवणारे सांगतात, फोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये दुपारी सावलीत तेवढं मिळालं तर आपण ‘आज बरं आहे’ म्हणतो. पारा ४५ च्या पुढे, फोन चार्जिंगला, त्यावर हॉटस्पॉट, आणि रेंज मिळावी म्हणून तो पश्चिमेच्या खिडकीत. मग फोन स्वतःच चार्जिंग हळू करतो, हॉटस्पॉट बंद करतो, आणि हे रोजचं झालं की बॅटरी लवकर खराब होते, फुगूही शकते. नवीन फोनची किंमतही या हिशेबात धरा. ती कोणी धरत नाही.

बरं, पैसे. तुमचा रिचार्ज २८ दिवसांचा, म्हणजे वर्षाला बारा नाही, तेरा. ३४९ गुणिले १३, झाले ४,५३७. मंडळींचे २९९ गुणिले १३, झाले ३,८८७. फायबरचा ३० एमबीपीएस वेगाचा सर्वांत साधा प्लॅन कंपनीप्रमाणे महिना चारशे ते पाचशेच्या दरम्यान. ३९९ चा धरला तर १८ टक्के जीएसटी मिळून ४७१, वर्षाला ५,६५२. पोऱ्या जीएसटी धरून सांगतोय की सोडून, हे आधी विचारा. आता यातून काय कापता येतं? घरी वायफाय असलं तर तुम्हाला वावरात दीड जीबी पुरेसा आहे, २९९ वर या, वर्षाला ६५० वाचले. मंडळी बहुतेक वेळ घरीच असतील तर त्यांच्या फोनला नुसत्या कॉलचा पॅक चालेल. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या आदेशामुळे २०२५ च्या जानेवारीपासून कंपन्यांना असे पॅक द्यावे लागले, ८४ दिवसांना साडेचारशेच्या आसपास, म्हणजे वर्षाला दोन हजारांच्या आत. तिथे आणखी १,९०० वाचले. वजा जाता वायफायचा खरा बोजा पडतो वर्षाला ३,१०० च्या आसपास, महिन्याला अडीचशे आणि वर थोडे. वायफाय स्वस्त पडतं असं मी म्हणणार नाही. अडीचशे जास्त पडतात. पण मंडळींना विचारल्याशिवाय त्यांचा डेटा कापू नका. बचत गटाच्या बैठकीला किंवा माहेरी गेल्यावर त्यांना बाहेर नेट लागत असेल, तर ते १,९०० विसरा आणि बोजा महिन्याला चारशेच्या वर धरा.

शंभर एमबीपीएसचा प्लॅन आणि त्यावर पंधरा पिक्चरची अ‍ॅप फुकट, असं कोणी गळ्यात मारायला लागलं तर हात जोडा. स्वच्छ व्हिडिओला पाच एमबीपीएस खूप झाले. तिघांनी एकदम पाहिलं तरी तीसमध्ये निभतं. आणि राउटर लावला की फोनमध्ये दोन नावं दिसतील, त्यातल्या एकाच्या शेवटी बरेचदा ५जी लिहिलेलं असतं. ते फाइव्ह-जी नेट नव्हे, ५ गिगाहर्ट्झचं वायफाय आहे. जवळ वेगवान, पण मातीच्या भिंतीपलीकडे लुळं पडतं. मागच्या खोलीत दुसरं नाव, २.४ वालं, वापरा.

आतापर्यंत मी वायफायची वकील वाटत असेन, तर माझ्या घरची गोष्ट ऐका. मी जळगावात राहते, शहरात. दोन वर्षांपूर्वी गल्लीत गटारीचं खोदकाम निघालं. जेसीबीचा दात वायरीवर बसला आणि राउटरवरचा ‘एलओएस’ लिहिलेला दिवा लाल झाला. तो दिवा लाल झाला म्हणजे वायर तुटली किंवा निघाली, राउटर बंद-चालू करून काही होत नाही, एवढं लक्षात ठेवा. रोज फोन केला की ‘ताई, उद्या सकाळी माणूस येतो.’ तो उद्या नवव्या दिवशी उजाडला. बिल पूर्ण महिन्याचं आलं. त्या नऊ दिवसांत आमचं घर कशावर चाललं असेल? माझ्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर.

तुमच्याकडे तर वायर विजेच्या खांबांवरून, लिंबाच्या फांद्यांतून आलेली असणार. मे-जूनच्या ज्या वादळात केळी आडवी होते, त्यात ती वायर काय टिकणार. म्हणून वेग किती, भाव किती, यापेक्षा मोठा प्रश्न आहे: तुटल्यावर कोण येतं आणि किती दिवसांत? याचं उत्तर फॉर्म भरणाऱ्या पोऱ्याकडे नाही. गावात ज्यांनी आधी घेतलं त्यांच्या ओट्यावर जाऊन बसा, चहा घ्या आणि विचारा, मागच्या पावसाळ्यात किती दिवस बंद होतं. दुरुस्ती करणारा माणूस फैजपूर-यावलला राहतो की जळगावहून येतो, त्याचा नंबर लागतो का, हेही. दोन दिवसांत जोडून देतात असं दोघातिघांनी सांगितलं तर पुढे जा. सगळ्यांनी नकाराची मान हलवली तर थांबा.

सहा महिन्यांचं एकदम भरू नका. राउटर ‘फुकट’ असतो तो बहुधा परत द्यायचा असतो, किंवा त्याची अनामत त्याच पैशांत धरलेली असते. महिन्याचं किंवा फार तर तीन महिन्यांचं भरा, जोडणीचे वेगळे पैसे पडले तरी चालतील. अडकून पडण्यापेक्षा ते बरे. पावती तुमच्या नावाची घ्या, पोऱ्याच्या फोनवर पाठवलेल्या पैशांचा स्क्रीनशॉट म्हणजे पावती नव्हे. आणि ग्रामपंचायतीत एकदा डोकावा. २०११ साली केंद्राने मंजूर केलेल्या आणि आता भारतनेट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या योजनेतून ग्रामपंचायतींपर्यंत सरकारी फायबर टाकण्याचं काम चालू आहे. तुमच्या पंचायतीतली पेटी चालू असेल तर तिथून घरी जोडणी देणारा स्थानिक माणूस आहे का, ते ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) सांगतील. पेटीवर धूळ असेल तर तेवढंही कळेल.

लाइटचं मात्र आधी ठरवा. फोन लाइट गेली तरी चालतो, राउटर जागीच मरतो. घरात इन्व्हर्टर असेल तर राउटरचा प्लग त्या पॉइंटवर घ्या, पंख्यापेक्षा तो खूप कमी वीज खातो. नसेल तर राउटरसाठी छोटा बारा व्होल्टचा यूपीएस मिळतो, दीड-दोन हजारांत, तीन-चार तास सहज निघतात. घेताना राउटरच्या अ‍ॅडॅप्टरवरचा व्होल्टचा आकडा जुळवून घ्या. गावातल्या फायबरच्या मुख्य पेटीलाही बॅटरी लागते. तिथे ती नसेल तर तुमचा यूपीएस नुसता राउटरचे दिवे दाखवील.

गावात दुरुस्तीची बोंब निघाली तर तिसरी वाट आहे, आणि ती मला मनापासून आवडते: घरी राहणारा फोन. तुमच्या किंवा शालकाच्या कपाटात एखादा जुना फोर-जी फोन पडला असेल. त्यात वेगळं सिम घाला, टॉवरच्या बाजूच्या खिडकीत, पण उन्हात नको, ठेवा आणि त्याचा हॉटस्पॉट घरासाठी ठेवून द्या. हा फोन घराबाहेर जात नाही. त्याच्यावर व्यापारी फोन करत नाही. तो मोटरवर जात नाही. रोजच्या डेटाचं माप राहतंच, पण ते माप मुलीच्या हातात राहतं. कायम चार्जरला लावून ठेवू नका, पुन्हा बॅटरीचं तेच. सिम घालायचे छोटे राउटरही मिळतात, ते खिडकीत ठेवायला जास्त बरे. खासगी कंपन्यांची एअरफायबर नावाची सोय २०२३ पासून आहे, त्यात धाब्यावर एक डबी लावतात, ती टॉवरचं फाइव्ह-जी पकडते आणि घरात वायफाय करून देते. जमिनीवर वायरच नाही, त्यामुळे जेसीबीची भीती नाही. पण तुमच्या धाब्यावर ५जी पक्कं दिसत असेल तरच.

तुमच्यासारखीच पत्रं आणखी चार-पाच आली आहेत, त्यांनाही इथेच सांगते. जळगाव-धुळ्यात रूमवर राहणाऱ्या पोरांनो, चौघांत फायबर घ्या, माणशी सव्वाशेच्या आत पडतं. पण घरमालकाला आधी विचारा, आणि रूम वर्षभर टिकणार असेल तरच. एकटे राहणारे, दिवसभर फिरतीवर असणारे, तुमचा हॉटस्पॉट पुरेसा आहे, कुठे पैसे घालता. अमळनेरच्या ताई, तुम्ही घरून पुण्याच्या कंपनीचं काम करता आणि नवऱ्याच्या हॉटस्पॉटवर मीटिंगा करता, तुमचा प्रश्न प्रश्नच नाही. फायबर घ्या, स्वतःच्या पगारातून घ्या, स्वतःच्या नावावर घ्या, आणि फोनमध्ये राखीव डेटा ठेवा. आणि धडगावच्या पाड्यावरून ज्या शिक्षकांनी लिहिलंय, त्यांना मी काय सांगू? जिथे रेंजसाठी डोंगराच्या धारेवर चढावं लागतं तिथे हॉटस्पॉट काय आणि वायफाय काय. तुमच्यासाठी तालुक्याला आल्यावर धडे उतरवून पेनड्राइव्हमध्ये नेणं, हाच आजचा खात्रीचा मार्ग.

भाऊ, पुन्हा तुमच्याकडे. मला विचाराल तर, शेजारपाजारच्यांनी दुरुस्तीबद्दल बरं सांगितलं, तर साधा ३० वाला प्लॅन घ्या, सीईटी होईपर्यंत तरी. नंतर बंद करायचा की ठेवायचा ते घरात बसून ठरवा, लग्न नाही लावून देत आपण. तुमचा हॉटस्पॉट राखीव म्हणून राहू द्या. पासवर्ड मुलीला ठेवू द्या, फक्त तो घरातल्या कोणाचं नाव आणि जन्मसाल असा नको. सगळ्या गल्लीला वाटायचा नाही, हेही आधी बोलून ठेवा. जोडणी तुमच्या नावावर आहे, उद्या त्यावरून कोणी भलतं काही केलं तर विचारपूस तुमच्या दारी येईल. कानबाईच्या सणाला आलेल्या पाहुण्यांची पोरं पाणी मागायच्या आधी पासवर्ड मागतात, हा माझा अनुभव. त्यांच्यासाठी राउटरमध्ये पाहुण्यांचं वेगळं नाव काढता येतं.

राउटर कुठे लावायचा हे त्या पोऱ्यावर सोडू नका. तो दारातून वायर आत आली की पहिल्या खिळ्याला टांगून निघून जाईल. तुमच्याकडे पुढे स्लॅब आणि मागे धाबं. मधल्या दाराच्या वर, दोन्हीकडे उघडं पडेल असं, छातीच्या वरच्या उंचीवर लावून घ्या. लोखंडी कपाटामागे नको, पत्र्याच्या कोठीवर नको. तो असतानाच मुलीला तिच्या अभ्यासाच्या जागी बसवा, व्हिडिओ लावा, आणि नीट चालला की मग सही करा. मातीच्या भिंतीआड मोबाइलची रेंज जाते तिथे फोनमध्ये ‘वायफाय कॉलिंग’ही चालू करून टाका. त्याने कॉल वायफायवरून लागतो आणि वेगळे पैसे पडत नाहीत. चुलीपाशी असलेल्या मंडळींना फोनवर बोलायला मग ओट्यावर यावं लागणार नाही.

आज बारा तारीख. कॅलेंडरवरच्या रेघांना आठ दिवस, शेजाऱ्यांकडच्या चहाला एक संध्याकाळ. २२ ला दुकानात ३४९ म्हणायचं की २९९, ते तोवर ठरलेलं असेल. रेघा किती झाल्या ते मात्र कळवा.